कँटरबरीतील घोड्यांच्या नांगरणीचे सामने नेमके काय मोजत होते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यूझीलंडच्या कँटरबरी प्रांतातील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वर्तमानपत्रे चाळताना घोड्यांच्या नांगरणीच्या सामन्यांची वर्णने वारंवार आढळतात, चार माणसे अर्धा-अर्धा एकर रान नांगरताना पाहायला सारा परिसर का लोटत असे, गुण कशावर दिले जात, आणि या खटाटोपाचा शेतीला खरोखर उपयोग होता की ती केवळ हिवाळ्यातली करमणूक होती, आणि महाराष्ट्रातील नांगरणीशी त्याची तुलना कशी करावी? मी गेली अनेक वर्षे कँटरबरीतच शेतीच्या अवजारांच्या कामात आहे. येथील नांगरणीच्या सामन्यांत आधी पंचांचा मदतनीस आणि पुढे पंच म्हणून काम केल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी मातीच्या बाजूने देणार आहे. सामन्यातील गुणांची पद्धत ही हाताने बी फेकून पेरण्याच्या काळातील शेतीची काटेकोर मोजपट्टी होती. पेरणीची पद्धत बदलली, मजूर महाग झाले, नांगर रुंदावला, पण मोजपट्टी तीच राहिली. त्या वर्णनांत आपल्याला जो विक्षिप्त काटेकोरपणा दिसतो, त्याचे कारण या अंतरात आहे.

प्रथम जागा आणि काळ. न्यूझीलंडच्या भूमीत नांगर पहिल्यांदा चालला तो ३ मे १८२० रोजी, उत्तरेकडे केरीकेरी येथे, बटलर या मिशनऱ्याच्या हातून, आणि त्याला जुंपलेले होते बैल. कँटरबरीच्या मैदानात विल्यम आणि जॉन डीन्स या स्कॉटिश भावांनी १८४३ साली रिकर्टन येथे पहिली टिकाऊ शेती उभी केली. डिसेंबर १८५० मध्ये कँटरबरी असोसिएशन या वसाहत वसवणाऱ्या संस्थेची पहिली चार जहाजे लिटल्टन बंदरात आली, तेव्हापासून या मैदानावर नांगरटीला वेग आला. सुरुवातीच्या वर्षांत टसॉक नावाचे झुबकेदार गवत माजलेली पडीक जमीन फोडायला बैलांच्या लांबलचक माळा लागत. जमीन एकदा मोडल्यावर मात्र घोड्यांची जोडी अधिक वेगाने चाले, आणि बैल हळूहळू मागे पडले. १८७० आणि १८८० च्या दशकांत गव्हाचे पीक इतके वाढले की ॲशबर्टनजवळ जॉन ग्रिग यांच्या सुमारे ३२ हजार एकरांच्या लाँगबीच या एकाच मळ्यावर नांगरांच्या तुकड्या एकामागून एक चालत. सामने भरत ते जून ते ऑगस्टच्या सुमारास. दक्षिण गोलार्धातला तो हिवाळा, आणि नांगरटीचाही हंगाम तोच.

सामन्यांची प्रथा स्कॉटलंड आणि इंग्लंडमधून आली. स्कॉटलंडमध्ये अठराव्या शतकात जेम्स स्मॉल यांनी चाकांविना चालणारा, वळणदार लोखंडी पंखाचा (माती उलटणाऱ्या पात्याचा) हलका नांगर घडवला. दोन घोडे आणि एक माणूस एवढ्यावर नांगरणी होऊ लागल्याने माणसाच्या कौशल्याला किंमत आली. त्यापूर्वी चार-सहा जनावरे आणि त्यांना हाकणारा वेगळा माणूस असा लवाजमा लागे. १७८४ साली स्थापन झालेल्या हायलंड सोसायटी या स्कॉटिश शेतीसंस्थेने पुढे नांगरणीच्या सामन्यांना पदके द्यायला सुरुवात केली. कँटरबरीची वसाहत इंग्लिश चर्चच्या छत्राखाली उभी राहिली असली, तरी तिच्या शेतांवर राबणाऱ्यांत स्कॉटिश नांगऱ्यांचा भरणा मोठा होता आणि त्यांनी तासाकडे, म्हणजे नांगराने पाडलेल्या ओळीकडे, पाहण्याची आपली नजर बरोबर आणली.

आता मुख्य मुद्दा. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सरळ ओळीत उगवलेले पीक ही नांगराची करामत वाटणार नाही, कारण आपल्याकडे ओळ पाडते ती तिफण किंवा पाभर. बी नळ्यांतून फणांमागे मातीत पडते, आणि नांगराकडून आपली अपेक्षा एवढीच असते की त्याने रान खोल फोडावे, ढेकळे उन्हात तापावीत आणि हरळी-कुंद्याच्या मुळ्या उघड्या पडून वाळाव्यात. देशी लाकडी नांगर माती उलटत नाही, तो ती चिरतो. पश्चिम युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकातही पुष्कळ गहू आणि ओट झोळीतून मुठीने फेकून पेरला जाई. मुठीने फेकलेले बी सारख्या खोलीवर आणि शक्य तर ओळीत पडावे, हे काम नांगरटीवर सोपवलेले होते. नांगराने उलटलेले मातीचे पट्टे एकमेकांवर तिरके रेलून बसले, त्यांच्या कडा टोकदार वर आल्या, तर दोन कडांच्या मधे एक अरुंद घळ तयार होते. फेकलेले बी उतारावरून घरंगळून त्या घळीत जाते. मग वरून लोखंडी दाताळे फिरवले की कडा मोडून घळीत पडतात आणि बी झाकले जाते. असे रान उगवते तेव्हा ते पाभरीने पेरल्यासारखे ओळीत दिसते.

यावरून पंचांची प्रत्येक मागणी कशासाठी होती हे ध्यानात येईल. तास सरळ हवे, कारण वाकडे तास म्हणजे दोन पट्ट्यांमधली घळ कोठे रुंद, कोठे अरुंद आणि पीक कोठे दाट, कोठे विरळ. पट्टे एकमेकांना घट्ट टेकलेले हवेत, कारण खाली पोकळी राहिली तर बी त्या पोकळीत खोल जाऊन कुजते, किंवा उगवल्यावर मुळांना माती मिळत नाही. जुने पंच अशा रानावरून बूट दाबत चालत आणि पाय कोठे धसतो ते पाहत; आजही आम्ही तेच करतो. खोली एकसारखी हवी, कारण उथळ तासातला पट्टा आडवा पडतो, खोल तासातला उभा राहतो, आणि कडांची उंची बिघडते. गवत आणि धसकटे पूर्ण गाडलेली हवीत, कारण दोन पट्ट्यांच्या फटीतून डोकावणारे गवताचे एक पाते वसंतात संपूर्ण ओळ धरते. तासाच्या तळाची आणि भिंतीची कापणी स्वच्छ, काटकोनात हवी, कारण तिच्यावरच पुढच्या पट्ट्याची बैठक ठरते.

यामागे एक साधी भूमितीही आहे. पट्ट्याची रुंदी नांगराच्या कापाने ठरते, जाडी नांगराच्या खोलीने. पट्टे एकमेकांवर रेलताना ते जमिनीशी किती अंशांचा कोन करतील हे खोली आणि रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. रुंदी खोलीच्या सुमारे १.४ पट असेल, म्हणजे १० इंच रुंदीला ७ इंच खोली किंवा ९ इंचांना साधारण सव्वासहा इंच, तर पट्टा ४५ अंशांवर बसतो आणि त्याचा जास्तीत जास्त पृष्ठभाग हवेला व हिवाळी गोठणीला उघडा राहतो. रात्री मातीतले पाणी गोठते, दिवसा वितळते, आणि पट्टा आतून भुसभुशीत होत जातो. म्हणजे मातीचे ढेकूळ फोडण्याचे जे काम आपल्याकडे एप्रिल-मेचे ऊन आणि पहिला पाऊस करतो, ते तिकडे थंडी करते. म्हणून नांगराने पट्टा न तोडता अखंड उलटावा असा आग्रह होता, आणि म्हणूनच सामन्याच्या नांगराचा पंख लांब, हळूहळू पीळ घेणारा असे. आखूड, खोलगट पंखाचा नांगर माती लगेच भुगा करून टाकतो. शेतीच्या दृष्टीने पुढे तोच अधिक सोयीचा ठरला, पण सामन्याच्या रानात त्याला गुण मिळणे कठीण होते.

सामन्याचा दिवस कसा जाई याबद्दल वर्णनांत पुष्कळ मजकूर असतो, पण नांगऱ्याची खरी परीक्षा कोठे होई हे त्यातून नीट कळत नाही. यजमान शेतकऱ्याच्या रानात पट्ट्या आखून त्यांना क्रमांक दिले जात आणि कोणाला कोणती पट्टी हे चिठ्ठी टाकून ठरे. एकाच रानात एका टोकाला खडक आणि दुसऱ्या टोकाला चिकण असते. कँटरबरीच्या मैदानात तर वैमाकारिरी, राकाया आणि रांगिताता या नद्यांनी आणलेल्या दगडगोट्यांवर मातीचा थर कोठे वीतभर तर कोठे हातभर, त्यामुळे चिठ्ठीवर बरेच अवलंबून असे. फाळ एखाद्या गोट्यावर आदळून नांगर उसळला की त्या जागी पट्टा तुटतो, आणि तुटलेला पट्टा हाताने जोडायला बंदी होती. हाताने किंवा बुटाने तास सारखे करणाऱ्याचे गुण कापले जात.

सगळ्यांत कठीण भाग पहिल्या तासाचा. नांगऱ्या पट्टीच्या मध्यावर एका ओळीत खांब रोवतो, आणि दोन घोड्यांच्या मधल्या फटीतून खांबावर नजर ठेवून जोडी चालवतो. मागे वळून पाहिले की रुमण्यावरचा (नांगराच्या मुठीवरचा) हात हलतो, म्हणून मागे पाहायचे नाही. एकदा इकडे आणि एकदा तिकडे माती टाकून तो उथळ चिरा पाडतो, मग तीच माती दोन्ही बाजूंनी पुन्हा आत ओढून तिथे एक माथा उभारतो. या माथ्याखाली नांगरटीवाचून राहिलेली जमीन उरता कामा नये. आणि माथा शेजारच्या तासांपेक्षा उंचही दिसता कामा नये. बाकीचे सारे तास या माथ्याला समांतर पडत जातात, त्यामुळे पहिल्या फेरीत दोन बोटे चूक झाली तर ती शेवटपर्यंत सोबत राहते. मी पंच म्हणून जेव्हा एखाद्या पट्टीसमोर उभा राहतो, तेव्हा माथा पाहूनच निम्मा निकाल मनात ठरलेला असतो. उरलेला निम्मा शेवटच्या चरात. शेजारच्या पट्टीशी जिथे काम संपते तिथे उरलेली जमीन दोन्ही टोकांना अगदी सारख्या रुंदीची उतरली पाहिजे, नाहीतर शेवटच्या फेऱ्यांत पाचरीसारखे तुकडे काढावे लागतात. शेवटचा चर अरुंद, उथळ आणि सरळ राहिला की त्या माणसाने पहिल्या तासापासून हिशेब धरला होता असे समजावे.

हिशेबाचा आवाका पाहा. अर्ध्या एकराची पट्टी २२ यार्ड रुंद आणि ११० यार्ड लांब धरली, तर ९ इंचांच्या कापाने तिच्यात ८८ तास बसतात, आणि माणूस व घोडे मिळून साडेपाच मैल, म्हणजे जवळजवळ ९ किलोमीटर, नांगरासह चालतात, वळणे वेगळीच. रोजच्या कामात एक जोडी दिवसाला साधारण एकरभर उरकत असे, म्हणजे चाल ११ मैलांची. सामन्यात अर्ध्या एकराला चार-पाच तासांचा वेळ दिला जाई. वेळ संपण्याआधी काम उरकल्याबद्दल जास्तीचे गुण नसत, पण वेळ ओलांडली तर दंड होता. पंच साधारणपणे शेजारच्या परिसरातले असत, आणि नांगरणी चालू असताना त्यांना रानापासून दूर ठेवण्याची रीत होती, म्हणजे कोणती पट्टी कोणाची हे त्यांना कळू नये. छोट्या वस्तीत घोड्यांच्या रंगावरूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा ही काळजी योग्यच होती.

घोड्यांविषयी दोन शब्द, कारण ज्यांना नांगरटीत रस नव्हता तेही घोडे पाहायला येत. नांगराला जुंपले जाणारे घोडे बहुतेक क्लाइड्सडेल जातीचे किंवा त्या जातीच्या संकराचे: सोळा-सतरा हात उंचीचे (इथे हात म्हणजे ४ इंच), रुंद छातीचे, पायांना खुरापर्यंत केसांची झालर असलेले. जोडीतला एक घोडा नांगरलेल्या तासात चालतो, दुसरा न नांगरलेल्या जमिनीवर. तासातला घोडा भिंतीला घासून चालला तर काप अरुंद होतो, भिंतीपासून सुटला तर रुंद होतो. म्हणून तासाचा घोडा नेहमी जुना, शांत आणि ठाम चालीचा निवडत. हातात रुमणे धरलेल्या माणसाला लगाम ओढायला हात मोकळा नसतो, त्यामुळे अर्धी नांगरणी तोंडी हुकमांवर चाले. नांगराच्या हळसीच्या (लांब दांड्याच्या) पुढच्या टोकाला साखळी अडकवण्यासाठी खाचा असतात. एका खाचेने साखळी वर किंवा बाजूला सरकवली की नांगराची खोली आणि कापाची रुंदी बदलते. अननुभवी माणूस खोली राखण्यासाठी रुमणे दाबतो आणि दुपारपर्यंत थकतो. जाणता माणूस साखळी योग्य खाचेत अडकवून रुमण्यावर हात नुसते ठेवतो. सामन्यात उत्तम सजवलेल्या जोडीसाठी वेगळे बक्षीस असे, आणि त्यासाठी नांगऱ्या पहाटे अंधारात उठून खरारा करी, आयाळीच्या वेण्या घाली, साजाच्या पितळेला चकाकी आणी. रोजच्या कामातही त्याची पहाट तबेल्यातच उगवे, कारण जुंपण्याआधी घोड्यांना ओटाची कुट्टी खाऊन ती पचवायला पुरेसा वेळ लागतो. न्यूझीलंडमध्ये घोड्यांची संख्या १९११ साली चार लाखांच्या वर गेली होती, आणि त्यांच्या पोटासाठी ओटाखाली केवढी जमीन अडकली असेल याचा विचार केला म्हणजे ट्रॅक्टर का आला हे सांगावे लागत नाही.

बक्षिसांचे काय? रोख रकमेखेरीज गावातले दुकानदार आणि लोहार वस्तू देत. रकमेपेक्षा नावाचे मोल मोठे होते, आणि ते दोघांसाठी होते. पहिला, मजुरीवर राबणारा नांगऱ्या. हा माणूस मोसमागणिक मळा बदलत असे. ज्याचे नाव वर्तमानपत्रात पहिल्या क्रमांकावर छापून आले त्याला पुढच्या मोसमात मालक शोधत येई, आणि पगार ठरवताना त्याचा शब्द चालत असे. त्या काळी कोणाच्याही हाती प्रमाणपत्र नसे, तेव्हा सर्वांच्या देखत नांगरलेला अर्धा एकर हेच प्रमाणपत्र. म्हणून अनेक ठिकाणी शेतकऱ्यांची मुले आणि पगारी नांगरे यांचे गट वेगळे ठेवले जात, तरुण मुलांचा गट निराळा, आणि पूर्वी जिंकलेल्यांचा आणखी निराळा. दुसरा लाभार्थी नांगर बनवणारा. ख्राइस्टचर्चचे पी. अँड डी. डंकन आणि ओटागोतले रीड अँड ग्रे यांचे कारखाने इंग्लंडहून येणाऱ्या रॅन्सम, हॉवर्ड, हॉर्न्सबी यांच्या नांगरांशी झुंजत होते, आणि कोणत्या नांगराने बक्षीस मारले हे बातमीत माणसाच्या नावाशेजारी छापले जाई. वर्तमानपत्रांतील निकालांच्या यादीत प्रत्येक नावापुढे कारखान्याचे नाव का आहे, त्याचे उत्तर हे आहे.

यजमान शेतकऱ्याला रान फुकट नांगरून मिळे असे म्हणतात. ते खरे आहे, पण पूर्ण नाही. वीस पट्ट्यांचे रान म्हणजे वीस माथे आणि तितकेच चर. कापणी-बांधणीचे यंत्र अशा रानातून उन्हाळ्यात न्यायचे म्हटले की ते प्रत्येक चरात कलते. मी यजमान असतो तर मुख्य पिकाचे रान सामन्याला दिले नसते.

आता ज्या ठिकाणी मोजपट्टी आणि शेती यांची फारकत झाली, तिकडे येतो. ब्रिटनमध्ये जमीन महाग आणि मजूर स्वस्त होता. वसाहतीत नेमके उलटे. कँटरबरीत एका माणसामागे किती एकर नांगरून होतात यावर नफा ठरत होता. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून दोन फाळांचा नांगर येथे वेगाने पसरला. एका माणसाने तीन घोड्यांच्या मागे चालत त्याच ११ मैलांत दोन एकर काढावेत, हा हिशेब कोणत्याही सौंदर्यदृष्टीपेक्षा भारी होता. शिवाय या नांगराचे ओझे चाकांवर जात असल्याने तळाचे घर्षण कमी होई आणि चार घोड्यांचे काम तिघांत भागे, असे त्याचे पुरस्कर्ते सांगत. चाकांवर चालणाऱ्या नांगराला माणसाच्या मनगटाची गरजही कमी. एकदा तो नीट लावला की तो आपला चालतो. जुन्या स्कॉटिश नांगऱ्यांना हे पसंत नव्हते, आणि त्यांची नाराजी मला समजते, पण रानात त्यांचा पराभव झाला. सामन्यांनी यावर तोडगा काढला तो दोन फाळांचा वेगळा गट निर्माण करून. हळूहळू तोच मुख्य गट झाला आणि एका फाळाचा गट मागे सरला. याच सुमारास बी पेरण्याची यंत्रे रुळली, म्हणजे घळीत घरंगळणाऱ्या बियांचे प्रयोजन संपले. तरी पंच टोकदार कडांनाच गुण देत राहिले. माझ्या मते १८८० नंतरच्या सामन्यांकडे पाहताना ही विसंगती सतत ध्यानात ठेवली पाहिजे.

जिथे जमिनीनेच ही मोजपट्टी नाकारली असेही उदाहरण शेजारी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात मॅली नावाच्या झुडपांचे बुंधे जमिनीत इतके घट्ट रुतलेले असत की सरळ अखंड तास अशक्य होता. १८७६ साली रिचर्ड बॉयर स्मिथ यांनी अडथळा येताच फाळ वर उचलून पुढे पुन्हा जमिनीत घुसणारा नांगर बनवला. त्याची नांगरट दिसायला ओबडधोबड असे, आणि त्याच नांगराने तिकडचा गव्हाचा पट्टा उभा राहिला.

नांगरणीचा हा उत्सव कोणाच्या जमिनीवर चालला होता हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. कँटरबरीचा बहुतेक प्रदेश जून १८४८ मध्ये सरकारचे प्रतिनिधी केम्प यांच्या करारनाम्याने ङाइ ताहू या माओरी जमातीकडून २ हजार पौंडांना घेतला गेला. ठरल्याप्रमाणे पुरेशा राखीव जमिनी त्यांना दिल्या गेल्या नाहीत, आणि त्या तक्रारीचा कायदेशीर निकाल लागायला १९९८ उजाडले. वसाहतीच्या दृष्टीने नांगरलेले रान म्हणजे मालकी सिद्ध झालेले रान, आणि सामन्यानंतरच्या भोजनातली भाषणे याच सुरात होत. हा अर्थ माओरींनाही नीट उमगला होता. मे १८७९ मध्ये उत्तर बेटावर तारानाकी येथे पारिहाका गावच्या 'ते फिती' आणि 'तोहू' या माओरी नेत्यांच्या सांगण्यावरून माओरी नांगऱ्यांनी, जप्त झालेल्या जमिनींवर बसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या रानांत नि:शस्त्रपणे नांगर घातला. दीडशेहून अधिक जणांना अटक झाली, आणि खटला न चालवता त्यांतील अनेकांना दक्षिण बेटावरच्या तुरुंगांत पाठवले गेले. ज्या हिवाळ्यात कँटरबरीत सरळ तासाला चांदीचा पेला मिळत होता, त्याच हिवाळ्यात तारानाकीतल्या तासाला कोठडी मिळत होती.

आपण महाराष्ट्राशी तुलना विचारली आहे म्हणून एवढेच सांगतो की लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे त्यांना गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. माती उलटणे हे कामच येथे नवे होते. जिथे ओळ पाभर पाडते आणि ढेकूळ ऊन फोडते, तिथे नांगराच्या तासाला गुण देणारी स्पर्धा आपल्या मातीतून उगवली नाही. आपल्याकडे जनावरांची चुरस शंकरपटात आणि बैलगाड्यांच्या शर्यतीत गेली, जिथे मोजला जातो तो वेग.

पहिल्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर येत गेले आणि घोड्यांचे गट आटत गेले, पण सामने थांबले नाहीत. पहिली जागतिक नांगरणी स्पर्धा १९५३ साली कॅनडातील कोबर्ग येथे झाली; कँटरबरीने ती १९६७ मध्ये ख्राइस्टचर्चला आणि २०१० मध्ये मेथवेनला भरवली. आज घोड्यांची जोडी अशा मेळाव्यांत वेगळ्या गटात उतरते आणि गर्दी तिच्याभोवतीच जास्त असते. गुणपत्रिकेत माथा, सरळपणा, घट्टपणा, गवत गाडणे आणि शेवटचा चर हे रकाने अजून तसेच आहेत.

आपण न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पेपर्स पास्ट या संग्रहात पुढे वाचणार असाल तर काही गोष्टी आधी तपासाव्यात. रान गवताळ होते की धसकटांचे, हे बातमीच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत असते. गवताळ रानात पट्टा अखंड राहतो, धसकटांच्या रानात सुटतो, त्यामुळे या दोहोंतील गुणांची तुलना करू नये. एक फाळ आणि दोन फाळ यांचे स्पर्धक किती होते ते दशकागणिक मांडून पाहावे. वसाहतीची शेती कधी वळली हे त्या दोन आकड्यांतून लेखांपेक्षा स्पष्ट कळेल. नांगराच्या कारखान्याचे नाव टिपून ठेवावे. आणि पंच ज्या वर्षी नांगरटीला 'फार उथळ' म्हणतात, त्या वर्षी हिवाळा कोरडा होता का हे त्याच अंकातील हवामानाच्या रकान्यात पाहावे; कारण वाळलेल्या मैदानात तीन घोड्यांनाही सहा इंचांची खोली राखणे जड जाते, आणि अशा वर्षी दोष नांगऱ्याच्या माथी मारणारे पंच तेव्हाही होते.